श्रीखंडाचा डबा धुवा, पण नर्मदेच्या ताज्या पाण्याने नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आम्ही इंदूरकर त्यांना राजवाडा दाखवतो, रात्री सराफ्यात नेतो आणि सकाळी कचऱ्याची पिवळी गाडी आली की गॅलरीत बोलावून तीही दाखवतो. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा, ई-कचरा अशी सहा प्रकारची विभागणी आम्ही अशा थाटात समजावून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ही गाडी आमच्याच अंगणात तयार झाली. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचं नाव वर आहे, तेव्हा थोडी मिजास चालायचीच. मीही त्यात मागे नाही.

हे पत्र मात्र त्या गाडीच्या प्लास्टिकच्या कप्प्यात आपण नेमकं काय टाकतो, याबद्दल आहे. आमच्या लोकमान्य नगरात गुढीपाडव्याला श्रीखंड नाही असं घर शोधावं लागेल. हल्ली ते घरी कमी होतं, डबे येतात. सणानंतर तेच डबे कप्प्यात पडलेले दिसतात. कडेला श्रीखंडाचा थर, काठावर चांदीसारखा पापुद्रा अर्धा फाटून चिकटलेला, आत हात पुसलेले कागदी रुमाल कोंबलेले आणि वर घट्ट झाकण. प्लास्टिकचे चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी एखादा चमचाही त्यातून डोकावतो. घरातल्या बाईला वाटतं, मी कचरा वेगळा केला. केला खरा. पण तो डबा पुन्हा प्लास्टिक म्हणून उपयोगी पडेल, याची खात्री मला तरी देता येणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सगळी नोकरी सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. आम्ही बादल्या, मग, टब, घमेली बनवत असू. वस्तू ज्यापासून ओततात तो प्लास्टिकचा नवा दाणा महाग, म्हणून त्यात रिसायकलचा दाणा मिसळायचा ही त्या धंद्यातली रीतच आहे आणि प्रमाणात मिसळला तर त्यात गैर काही नाही. दाण्याची पोती आली की नमुना काढून तपासायचा, हे माझं काम. पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा (श्रीखंडाचे डबे बहुधा याचेच) दाणा २३० अंशांवर वितळवायचा, वर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि दहा मिनिटांत बारीक छिद्रातून किती ग्रॅम वाहतो ते मोजायचं. ही झाली पुस्तकातली चाचणी. त्याआधी पोत्याचं तोंड सोडलं की नाकालाच निम्मं कळायचं. कुठल्या पोत्यात लोणच्याचा वास, कुठल्यात फिनाइलचा, कुठल्यात आंबलेल्या दुधाचा.

तेव्हा घराघरातला डबा पुढे कुठे अडतो, ते मला त्या टोकाकडून दिसलेलं आहे. डबे आधी निवडले जातात, मग त्यांचा चुरा होतो, चुरा धुतला जातो, वितळवला जातो आणि त्याचा दाणा पडतो. वितळलेलं प्लास्टिक दाणा पडण्याआधी एका बारीक जाळीतून दाबून काढतात. डब्यावरचा कागद, अॅल्युमिनियमचा पापुद्रा, वाळून चिकटलेलं अन्न यातलं जे धुण्यात सुटलं नाही, ते त्या जाळीवर साठतं. जाळी तुंबली की मशीन थांबवा, जाळी बदला, पुन्हा सुरू करा. कागदाचे जे बारीक तुकडे निसटतात ते आत जळतात आणि मालात काळे ठिपके पडतात. रिसायकलच्या बादल्या आणि घमेली बहुतेक काळी किंवा गडद का असतात, याचं एक कारण हे आहे. गडद रंगात सगळं झाकलं जातं.

तेलाचं दुखणं वेगळं. पीपी आणि पॉलिथिन या दोन्ही जाती तेल सहज सोडत नाहीत. कारखान्यात धुण्याच्या टाकीत गरम पाणी असतं, कॉस्टिक सोडा असतो, तरीही महिनोन् महिने लोणचं राहिलेल्या डब्याचा वास पूर्ण जात नाही. मशीनमध्ये त्याच तेलाचा धूर होतो, मालात बुडबुडे राहतात. अशा दाण्याची बादली दिसायला ठीक दिसते, पण भरून उचलली की कडीजवळचा कान तुटतो. ग्राहक शिव्या देतो बादलीवाल्याला.

मग डबा किती धुवायचा? इथे आपल्या लोकांचं दुसरं टोक सुरू होतं. आमच्या ओळखीत अशा गृहिणी आहेत की टाकायचा डबासुद्धा पितळी समईसारखा घासतील. नळ सोडून, साबण लावून, दोनदा विसळून. मला ते पटत नाही. आपल्या नळाला येणारं बहुतेक पाणी जलूदचं आहे. मंडलेश्वरजवळ नर्मदेतून उचलायचं, घाट चढवून वर आणायचं आणि सुमारे सत्तर किलोमीटर नळातून इंदूरला पोचवायचं, असा त्याचा प्रवास. ते वर चढवायला वीज इतकी लागते की जलूदला सौरऊर्जेचा प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये लोकांकडून हरित रोख्यांतून पैसे उभे केले. असं पाणी टाकाऊ डब्याच्या आंघोळीला वापरायचं असेल, तर पर्यावरणाचं नाव मध्ये आणू नये.

डबा रिकामा हवा, तेलाचा थर जायला हवा आणि निथळलेला हवा. एवढंच. आरशासारखा चकचकीत कोणी मागत नाही.

आमच्या घरी कसं चालतं ते सांगते. आधी डबा चमच्याने किंवा रबरी पातीने निपटून घ्यायचा. जे निघेल ते खायचं किंवा ओल्या कचऱ्यात. ओल्यात टाकलेलं वाया जात नाही. शहराच्या कडेला देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. म्हणजे तेच चमचाभर श्रीखंड ओल्यात गेलं तर बसच्या टाकीत जाईल, आणि डब्यात राहिलं तर कोणाच्या तरी हाताला लागेल.

लोणच्याचा, तुपाचा किंवा बाहेरून आणलेल्या भाजीचा डबा असेल तर पाण्याआधी कोंडा. कणीक चाळल्यावर चाळणीत राहतो तो. मूठभर टाकून आतून बोटांनी फिरवला की तेल ओढून घेतो. कोंडा नसला तर शिळ्या पोळीचा तुकडा. तेही ओल्यात. तेल असं गेलं की पुढे फारसं पाणी लागत नाही. तेलकट डब्यावर थेट पाणी ओतणाऱ्यांना नंतर साबण लागतो, मग साबण काढायला आणखी पाणी, आणि ते तेल शेवटी मोरीच्या पाइपात जाऊन बसतं.

पाणी कुठलं? तांदूळ-डाळ धुतलेलं, कुकरच्या तळाशी उरलेलं, भांडी विसळल्याचं शेवटचं. ओट्याशेजारी एक जुनं पातेलं ठेवलं की असं पाणी दिवसभरात आपोआप जमतं. संध्याकाळी टाकायचे डबे त्यात बुडवायचे, झाकण लावून हलवायचे, ओतायचे. मग झाकण काढून उपडे. सकाळी गाडी येईपर्यंत निथळतात.

निथळणं लोकांना फुकटची नाटकं वाटतात. पण आमच्यासारख्या घरांत सुका कचरा एकाच पिशवीत जमतो आणि त्यात वर्तमानपत्रं, पुठ्ठे असतात. एका डब्यातून पाणी किंवा दही सांडलं की प्लास्टिक धुता येतं, कागद नाही. भिजलेल्या, आंबलेल्या कागदाला रद्दीवालाही हात लावत नाही.

"कारखान्यात धुतातच ना, मग आम्ही कशाला?" असं माझ्या जाऊबाई विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण कारखान्यात धुतला जातो तो चुरा. त्याआधी तो डबा पिशवीत, गाडीत, निवडण्याच्या ठिकाणी काही दिवस काढतो. देवगुराडियाला सुक्या कचऱ्याच्या निवडीसाठी यंत्रं आहेत, पण हात संपलेले नाहीत. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर चार दिवस बंद राहिलेल्या दह्याचं झाकण कोणीतरी उघडतं. ते उघडणाऱ्या बाईच्या दिवसाचा हिशोब वजनावर असेल, तर वास मारणारा डबा ती बाजूला सारणार आणि चांगला उचलणार. मीही तेच करीन.

आता काय काढायचं आणि काय राहू द्यायचं. यात लोक नको तिथे कष्ट घेतात. हळदीने पिवळा पडलेला डबा घासत बसू नका. तो नुसता रंग आहे, तेलाचा थर नव्हे, आणि उन्हात ठेवला तर बराच उतरतोही. श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या डब्यावरचं रंगीत चित्र नखाने निघत नसेल तर तेही सोडून द्या. ते डबा साच्यात बनतानाच बसवतात आणि बहुधा डब्याच्याच जातीचं असतं. उलट ज्या बाटलीला अंगभर घट्ट रंगीत आवरण चढवलेलं असतं, ते कापून काढा. बाटली पीईटीची (पाण्या-सरबताच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) असते आणि ते आवरण पुष्कळदा दुसऱ्या जातीचं. त्यात पीव्हीसी (नळाच्या पाइपांचं प्लास्टिक) असलं तर फार वाईट. पीईटी वितळायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी जळून आम्ल सोडतं आणि तांदळातल्या खड्यासारखं थोडक्यात सगळ्याची चव घालवतं. पाण्यात भिजवून सुटणारी कागदी चिठ्ठी असली तर काढा, नाही सुटली तर सोडा.

दह्या-श्रीखंडाच्या तोंडावरचा चांदीचा पापुद्रा मात्र पूर्ण निघालाच पाहिजे, काठावरच्या तुकड्यासकट. हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीचा दाबायचा पंप काढून वेगळा करा. त्यात पोलादी स्प्रिंग असते, कधी काचेची किंवा पोलादी गोळी असते. चुरा करणाऱ्या पात्यांना हे असलं धातूचं काही लागू नये, यासाठी आमचे मिस्त्री देवाला नारळ फोडत. हवाबंद डब्याच्या झाकणातली सिलिकॉनची रिंगही काढा. ती ओढली की निघते.

बाटलीचं टोपण ठेवायचं की काढायचं, यावर मला दोन्हीकडच्या बाया साक्षीला बोलावतात. बाटली रिकामी करा, हाताने दाबून हवा काढा आणि टोपण परत लावा. सुटं टोपण इतकं लहान असतं की निवडताना कुठेतरी गळून जातं. पुढे चुरा पाण्यात पडला की बाटलीचं पीईटी बुडतं आणि टोपणाचं पीपी किंवा एचडीपीई (टणक जातीचं पॉलिथिन) तरंगतं. दोघं तिथे आपसूक वेगळी होतात. निवडणारी माणसं बरेचदा हातानेही टोपण काढतात, ते त्यांचं त्यांना सोपं जातं.

हे बुडणं-तरंगणं घरीही करून बघण्यासारखं आहे. माझ्या नातवाला सुट्टीत दुसरं काम नसलं की आम्ही बादली घेऊन बसतो. कात्रीने डब्यांचे छोटे तुकडे करायचे, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तुकड्याला हवा चिकटून राहत नाही, आणि तुकडे बुडवून सोडायचे. पीपी, एचडीपीई, दुधाच्या पिशवीचं एलडीपीई (मऊ पॉलिथिन) वर येतात. पीईटी, पीव्हीसी आणि ते ठिसूळ पारदर्शक पॉलिस्टायरीन तळाशी जातात. जुने अटालेवाले, म्हणजे भंगारवाले, याच्याही पुढचे. ते तुकडा फरशीवर टाकून आवाजावरून सांगतात. पॉलिस्टायरीन पत्र्यासारखं टणकन वाजतं, पीपी आणि एचडीपीईचा आवाज बसका. काहीजण जाळून वासावरून ओळखतात. ते मात्र घरी करू नका, मुलांसमोर तर नाहीच. पीव्हीसीचा धूर छातीला वाईट.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. त्रिकोण दिसला की डबा रिसायकल होणारच, असं पुष्कळांना वाटतं. तो आकडा फक्त जात सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संस्थेने तो सुरू केला, आपल्याकडे मानक ब्यूरोच्या १९९८ च्या मार्गदर्शक मानकातही तशीच खूण आहे. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं गाठोडं. यातल्या १, २ आणि ५ ला चांगली मागणी असते, स्वच्छ दुधाच्या पिशव्यांच्या ४ लाही. ७ आकड्याचा डबा कोणाला हवा असेल, हे तो कशाचा आहे यावर ठरतं आणि ते वरून दिसत नाही.

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडू नका, चिकटलेला राहू द्या. ते टिकलीएवढे तुकडे कोणाच्याच हाती लागत नाहीत, नाल्यात जातात. पिशवी पूर्ण उलगडून विसळायची, तेच पाणी झाडाला घालायचं आणि पिशवी दोरीवर टाकायची. आमच्याकडे चिमट्यांची अर्धी दोरी दुधाच्या पिशव्यांनी व्यापलेली असते. सूनबाईंना ते शोभत नाही, पण चालवून घेतात.

हॉटेलातून भाजी येते ते काळे डबे हे एक न सुटलेलं कोडं आहे. डबा बहुतेक पीपीचा, म्हणजे चांगल्या जातीचा. पण प्लास्टिक ओळखणारी यंत्रं अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावर चालतात आणि काळ्या रंगातलं कार्बन ब्लॅक तो प्रकाश गिळून टाकतं. यंत्राला डबा दिसतच नाही. हाताने निवडला तरच तो वाचतो. म्हणून मी पोळी-भाजीवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना तोंडावर सांगते की पांढरे किंवा पारदर्शक डबे ठेवा. काहीजण ऐकतात. आपण घरून स्टीलचा डबा नेला तर प्रश्नच संपतो, पण घरपोच मागवणाऱ्या पिढीला हे सांगून उपयोग नाही, म्हणून डब्याच्या रंगापुरतं बोलते.

शेवेची, वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टच्या ट्यूबा यांचे अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यांचा साध्या पद्धतीने दाणा होत नाही. ती बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जळणाच्या रूपाने जातात. ही पाकिटं कोरडी करून वेगळी द्यावीत, पण बाटलीत ठासून भरू नयेत. हल्ली काही महिला मंडळांत बाटलीत पाकिटं भरून 'विटा' करण्याची टूम आहे. हेतू चांगला आहे, हात दुखेपर्यंत भरतात. ती वीट खरंच कुठल्या कट्ट्यात, बाकात बसवली जाणार असेल तर करा. पण भरून गाडीत देणार असाल, तर तुम्ही एक चांगली पीईटीची बाटली बाद केलीत. ती फोडून पाकिटं काढत बसायला निवडणाऱ्याला वेळ नसतो. रिकामी मिळाली असती, तर त्या बाटलीचा धागा झाला असता. आपल्या देशात जुन्या बाटल्यांचा मोठा भाग पॉलिस्टर धाग्याकडेच जातो. गाद्या-उशांतला कापूस म्हणून आपण जे विकत घेतो, त्यातही तो असतो.

काही डबे प्लास्टिकच्या कप्प्यात जाताच कामा नयेत. कीटकनाशकाची बाटली, डासांच्या औषधाची कुपी, रंगाचा डबा, गाडीच्या तेलाचा डबा हे घातक कचऱ्यात. विसळूसुद्धा नका, झाकण घट्ट लावा आणि तसेच द्या. संडास धुण्याच्या द्रवाची बाटली संपली की त्यात थोडं पाणी घालून हलवा आणि तेही संडासातच ओता. दुसरीकडे कुठे नको. मग ती बाटली एचडीपीईची, छान मालाची.

"आम्ही डबे टाकतच नाही, घरातच वापरतो," हे उत्तर मला मराठी घरांत हमखास मिळतं. खरं आहे. मेथीदाणे, खसखस, बटणं, औषधं, सगळं श्रीखंडाच्या डब्यांत. एक डबा उघडावा तर त्यात दुसरा डबा. मला यावर आक्षेप नाही, तळाशी ५ असलेला डबा कोरड्या जिनसांना वर्षानुवर्षं चालतो. पाण्या-सरबताच्या पीईटी बाटलीत मात्र कढत पाणी किंवा गरम तूप ओतू नका, सत्तर-ऐंशी अंशांना ती मऊ पडते. आणि तडा गेलेला, काठ कुरतडलेला डबा ठेवण्यात काटकसर नाही, नुसता जीव अडकलेला असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाची लूट चालते. वाण म्हणून सर्वांत जास्त काय वाटलं जातं? प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या. रंगीत, स्वस्त, आणि तळाशी बघावं तर आकडाच नाही. कुठल्या कुठल्या जाती एकत्र वितळवलेल्या असतात, देव जाणे. पीपी आणि पॉलिथिन एकत्र केलं तरी ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत, थर सुटतात. म्हणून त्या डब्या पुढच्या संक्रांतीआधीच चिरतात, आणि पुन्हा त्यांचा दाणा करावा तर जात माहीत नाही. घरात येतानाच ज्या वस्तूला पुढचा रस्ता नाही, ती कितीही धुवून दिली तरी काय उपयोग? तेव्हा वाण प्लास्टिकचंच द्यायचं असेल, तर निदान डबी उलटी करून २ किंवा ५ आकडा बघून घ्या. दुकानदार हसेल. दोन-चार जणींनी विचारलं की घाऊक आणताना तोही बघेल. सुगड, गूळ-तिळाच्या पुड्या, सुती रुमाल हे पर्याय आमच्या सासूबाईंच्या वेळी होते आणि त्यात कोणाचं हळदीकुंकू उणं पडल्याचं मला आठवत नाही.

श्रीखंड विकणाऱ्यांनाही एक विनंती. पापुद्रा एका ओढीत, काठावर तुकडा न ठेवता निघेल असा लावता येतो. चिकटवणीच्या तापमानाचा आणि दाबाचा प्रश्न आहे, तुमच्या पॅकिंगवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं. आणि डबा पांढरा पीपीचा, झाकणही पीपीचंच ठेवा.

आपल्या पत्राला शहरातल्या मराठी घरांत मान आहे. सणासुदीच्या पुरवणीत श्रीखंडाची पाककृती छापता, तिच्या शेजारी डब्याचं पुढे काय करायचं याची चार ओळींची चौकट छापता आली तर बघावं. कोणत्याही गणेश मंडळाने किंवा भिशीच्या ग्रुपने बोलावलं तर मी येऊन दाखवीन. बादली आणि कात्री मी आणीन, डबे मात्र आपापल्या घरचे, न धुतलेले आणावेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला वेगळ्या कागदावर कळवला आहे, तो छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
लोकमान्य नगर, इंदूर